पौषातलं मांजर

सरांपुढे कुठलंही चित्र धरा, पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "महिना कुठला?"

लग्नपत्रिकेवर मोर छापलेला असला की सर पत्रिका हातभर लांब धरायचे आणि आमंत्रणाला आलेल्या माणसाला विचारायचे, "लग्न वैशाखात, आणि हा पिसारा फुलवून उभा. ह्याला ढग कोणी दाखवला?" वधूपिता बिचारा उन्हातून आलेला, अजून तीस घरं करायची राहिलेली, तो काय सांगणार? किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर हंस, हरण आणि मोहरलेला आंबा एकाच तळ्याकाठी होते. सरांनी त्या कॅलेंडरपायी दुकान बदललं. नव्या दुकानातला तांदूळ वाईट होता, पण तिथल्या कॅलेंडरवर नुसता देव होता. देवाला महिना विचारायचा नसतो एवढं सरांना मान्य होतं.

मी सुतार. घर वडप्याला, काम भिवंडीत. लूमला लाकूड पुष्कळ लागायचं तेव्हाची ही गोष्ट. धोट्याला ठोसा देणारे दांडे, फळ्या, खुंट्या, रोज काही ना काही तुटायचं आणि मी ते घडवून द्यायचो. एका शुक्रवारी, म्हणजे लूमच्या सुट्टीच्या दिवशी, एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ माझ्या दारात येऊन उभे राहिले. हेच ते सर, चित्रकलेचे शिक्षक म्हणून शाळेतून निवृत्त झालेले. गावात त्यांना बरेच जण ओळखायचे आणि दिसले की रस्ता बदलायचे. मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

"गाठ नसलेली फळी आहे का?" त्यांनी विचारलं.

"गाठ न्हाय असं लाकूड आनि भांडान न्हाय असं घर, कुठं हाय दाखवा मला," मी म्हणालो.

सर हसले नाहीत. विनोद कळायचा त्यांना, पण हसण्यात वेळ जातो असं त्यांचं मत होतं. त्यांनी पिशवीतून एक कॅलेंडर काढलं आणि माझ्या रंध्याच्या बाकावर पसरलं.

जपानहून जुने लूम भिवंडीत यायचे. अशाच एका खोक्यात ते कॅलेंडर आलं होतं. लूमवाल्या सेठनं ते सरांना दिलं होतं, "मास्टरजी, आपके काम का है क्या? वरना रद्दी में जाएगा." बारा पानं, बारा चित्रं, सगळी लाकडाच्या ठशावरून छापलेली. बर्फात उभा करकोचा. बांबूवर चिमण्या. चंद्राकडे बघणारा ससा. लाल पानांखाली हरण. अक्षर एक वाचता येत नव्हतं, वर्ष कधीच उलटून गेलं होतं, पण सर दर महिन्याला न चुकता पान बदलायचे.

"बघा," ते म्हणाले, "एकही जनावर मोकळं नाही. प्रत्येकाला त्याचा ऋतू लावून दिलाय. ते लोक प्राणी काढत नाहीत, प्राण्याचा महिना काढतात. मला आपल्या भिवंडीचे बारा काढायचेत."

"मग काढा की. मी काय करू त्यात?"

"तिथं एकटा माणूस चित्र करत नाही. काढणारा वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. मी काढीन. छापू दोघं मिळून. कोरणारा हवाय."

मला वाटलं एखाद्या फळीचं काम असेल. तेरा वर्षं त्यात गेली.

सागावर बारीक रेघ उडते, आंबा मऊ पडतो. शेवटी शिवणीचं लाकूड जमलं. कोरण्याची रीत सरांनी कुठल्याशा पुस्तकातून शोधून काढली होती. पातळ कागदावर ब्रशनं चित्र काढायचं. ते फळीवर खळीनं चिकटवायचं. खळ आम्ही सायझिंगवाल्याकडून आणायचो, सुताला लावतात तीच. मग कागदाची पाठ ओल्या बोटानं हलके चोळून काढायची, वरून खोबरेल लावायचं, की उरलेल्या पापुद्र्यातून रेघ दिसायला लागते. मग रेघेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवायची आणि रेघ तेवढी ठेवून बाकीचं लाकूड उकरून टाकायचं. फळी तयार झाली की चित्र संपलेलं असतं. ते भुशात जातं. मला हे पहिल्यांदा ऐकून कसंतरीच झालं. एवढं राबून काढलेलं चित्र, आणि त्याच्यावरूनच सुरी फिरवायची?

"त्याशिवाय छाप निघत नाही," सर म्हणाले. झालं, विषय संपला.

पहिल्याच फळीला मी घोळ घातला. भाद्रपदाचा बगळा होता, कामवारी नदीतला. चित्र पालथं चिकटवायचं असतं, सरांनी मला सांगितलंही होतं. पण मला वाटलं, एवढं सुंदर चित्र, त्याचं तोंड लाकडात कशाला दाबायचं? मी आपलं ते उताणं, मानानं चिकटवलं आणि तीन शुक्रवार खपून कोरलं. छाप काढला तर सगळं उलटं. बगळ्यानं उगवतीकडे पाठ केलेली, सायझिंग कारखान्याची धुराची चिमणी नदीच्या पलीकडच्या काठावर गेलेली.

सरांनी छाप खिडकीशी नेऊन पाहिला. "मिस्त्री, सकाळची संध्याकाळ केलीत," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी नवा बगळा घेऊन आले, पहिल्यापेक्षा चांगला. तेव्हा सरांचा हात असा होता, की एक चित्र गेलं तर दुसरं यायचं.

ते मला शेवटपर्यंत अहो-जाहो करायचे आणि मिस्त्रीच म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. कामाची तारीफ तर कधीच नाही. कोरलेली फळी हातात दिली की अंगठ्यानं कडा चाचपायच्या आणि म्हणायचं, "हं. पुढचा महिना."

महिने असे एकेक करून जमत गेले. क्रमानं नाही. आधी श्रावण, मग एकदम माघ, मधले कुठले तरी तीन वर्षांनी. कारण सर घरात बसून काढायचे नाहीत. जनावर त्याच्या महिन्यात, त्याच्या जागी डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि त्या वर्षी नाही दिसलं तर थांबायचं. आषाढातले मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, काढायला ते आमच्या वडप्याला आले, भर पावसात बांधावर छत्री धरून बसले. बांध तेव्हा होता. वैशाखातल्या टिटवीसाठी आमच्या विहाराच्या कट्ट्यावर चार दिवस बसले. समोरच्या सपाट केलेल्या प्लॉटवर, नुसत्या मुरुमात तिनं अंडी घातली होती. बुद्धपौर्णिमेची खीर माझ्या बायकोनं त्यांना तिथंच नेऊन दिली. वाटी परत करताना आभार वगैरे काही नाही. म्हणाले, "वहिनी, ती उन्हात अंड्यांवर बसत नाही हो. उभी राहते. सावली धरते." बायको घरी येऊन मला म्हणाली, "तुमचं सर चांगलं हायेत, पन त्यांना घरी कुनी विचारत न्हाय का?"

विचारायचं कोण? एक मुलगी, ती ठाण्याला. बँकेत होती. रविवारी यायची, डबे भरून ठेवायची, वडिलांवर रागवायची आणि संध्याकाळी परत जायची. मी तिला ताई म्हणायचो.

कार्तिकात जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांवर उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येतात, शेपूट खालीवर हलवत पत्र्यावर फिरणारे, काळे-पांढरे. त्यांच्यासाठी सर एका गोदामाच्या गेटवर स्टूल टाकून बसले. एव्हाना माझं लूमचं काम आटत चाललं होतं आणि मी काल्हेरला एका गोदामात माल रचायचे लाकडी पॅलेट ठोकायला लागलो होतो. दुपारी फोन आला. पलीकडे पूर्ण्याच्या गेटवरचा वॉचमन, नंबर त्याला सरांनी दिलेला, "आपके चाचा इधर बैठे हैं, हटते नहीं. मैंने पूछा कौन सी गाडी का इंतजार है, बोले गाडी नहीं, चिडिया. अभी सुपरवायझर पूछेगा तो मैं क्या लिखूँ रजिस्टर में?"

मी ड्युटी अर्धी टाकून गेलो. सर शांत बसलेले. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. ह्यांना समजवा, की मी आत येत नाही, ते पक्षी बाहेर यायचेत." मला त्या दिवशी त्यांचा खरंच राग आला. दिवसभर खिळे ठोकून खांदा भरून यायचा, सुटीचा एक दिवस तो ह्यांच्या फळीत जायचा, आणि वर हे. रिक्षात मी त्यांना बोललो, "सर, पोट हातावर हाय माझं. तुमच्या पाखरांना काय, ती येतील न्हायतर जातील."

"येतील," ते म्हणाले, "पण पत्रा गरम व्हायच्या आत यायला पाहिजे होती." माझं बोलणं त्यांच्या कानातच शिरलं नव्हतं.

असे अकरा महिने झाले. राहिला पौष.

मी त्यांना कितीदा सांगितलं होतं, की आपल्याकडे बर्फ पडतोच, लूमच्या शेडमध्ये. कापसाची बारीक रुई उडते आणि तारांवर, कोळ्याच्या जाळ्यांवर, कारागिरांच्या भुवयांवर बसते. मी ज्या शेडमध्ये काम करायचो तिथं एक मांजर होतं, करड्या रंगाचं. झोपून उठलं की पाठीवर पांढरा थर. मी म्हणायचो, ह्ये काढा, जपान्यांसारखं बर्फातलं मांजर. सर मान हलवायचे. "तुमची रुई बारा महिने पडते, मिस्त्री. बारमाही गोष्टीला ऋतू म्हणत नाहीत. आणि शेडमध्ये थंडी कुठाय? उकडून जीव जातो."

खरं होतं ते. साठ लूम चालू असले की पौषातही शेडमध्ये कारागीर बनियनवर असायचे.

मग ती शेड बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग लूम भंगारात गेले. भिवंडीत अशा किती शेडी बंद झाल्या, त्याचं आता कुणी बोलतही नाही. ट्रक आले, लोखंड उचललं, गेले. त्या जानेवारीत मी माझी राहिलेली हत्यारं आणायला तिथं गेलो आणि सर बरोबर आले. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. शेड थंडगार होती. इतक्या वर्षांत मला तिथं पहिल्यांदा थंडी वाजली. एकच लूम कोपऱ्यात उरला होता, आणि त्याच्या तुळईवर ते मांजर अंग चोरून बसलं होतं. दार उघडल्यामुळे छपराच्या लोखंडी कैच्यांवरची जुनी रुई खाली येत होती आणि सावकाश त्याच्या पाठीवर बसत होती.

सर कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता पौष आला."

मला आनंद व्हायला हवा होता, इतकी वर्षं मीच सांगत होतो. पण माझी अर्धी हयात त्या शेडमध्ये गेली होती. मी हत्यारांची पेटी उचलली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

अडचण अशी होती, की तोवर सरांना कंपवात झाला होता. उजवा हात सतत हलायचा. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. सदऱ्याची बटणं ताई आठवड्याची आठवड्याला लावून ठेवायची, म्हणजे त्यांनी नुसता डोक्यातून घालायचा. अशा हातानं त्यांनी ते मांजर काढायला घेतलं. महिनाभर रोज एकच चित्र. कानापासून शेपटीपर्यंत पाठीची एक लांब रेघ, ब्रश न उचलता. चाळीसेक कागद फाडले असतील. शेवटी एक ठेवला आणि मला निरोप धाडला.

मी गेलो तेव्हा ताई आली होती. चित्र टेबलावर होतं. मांजर तेच होतं, अंग चोरलेलं. पण पाठीची रेघ सात-आठ ठिकाणी थरथरलेली. ज्या माणसाची रेघ मी तेरा वर्षं सुरीनं चालत आलो, तिची ही दशा. चाळिसातलं हे त्यातल्या त्यात बरं असणार, असं मी मनाशी धरलं. विचारलं मात्र नाही.

ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काका, ते कोरू नका. बाबांच्या हातचं हे शेवटचं आहे. आता दुसरं होणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मी फ्रेम करून लावते."

मी बाहेर येऊन सरांना म्हणालो, "सर, झेरॉक्स काढू. झेरॉक्स चिकटवतो, चित्र ऱ्हाईल ताईला."

"झेरॉक्सचा कागद जाड. पाठ सोलली जात नाही, रेघ दिसत नाही," सर म्हणाले. मग मुलीकडे वळले. "तू मला फ्रेम करायला निघालीस. मला छापायचंय. बारा पानं पुरी व्हायचीत. भिंतीवर एक मांजर लावून मी काय करू?"

"बाबा, चित्र जाईल."

"जायलाच काढलंय."

ताईनं मोबाइलवर चित्राचा फोटो काढला, पण ट्यूबलाइटची तिरीप कागदावर पडली आणि पाठीच्या जागी नुसता पांढरा डाग आला. दुसरा काढायच्या आत सरांनी कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. मला खाली सोडायला ती जिन्यापर्यंत आली. डोळे भरलेले होते. म्हणाली, "मग नीट कोरा हं काका. त्यांचा हात चांगला दिसू दे."

ते वाक्य घेऊन मी घरी आलो.

पाच रविवार लागले. चित्र पालथं चिकटवलं, पाठ चोळली, तेल लावलं. मिशा कोरल्या, पंजे कोरले, तुळई कोरली. पाठीवरच्या रुईची जागा नुसतीच उकरून मोकळी ठेवली. बर्फ छापायचा नसतो, तिथं कागद कोरा ठेवायचा असतो. पाठीची रेघ शेवटी ठेवली होती. सुरी लावली आणि पहिल्या थरथरीपाशी आलो. हात थांबला. आत वळायचं की सरळ जायचं?

मी सरळ गेलो. मला कुणी चुकून गेलो म्हणायला नको. ठरवून गेलो. सात-आठ ठिकाणी रेघ जिथं लटपटली होती तिथं मी ती सावरली, आजारी माणसाला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा तशी. सुताराचा हात, वाकडं दिसलं की सरळ करतो. आणि खरं सांगायचं तर माझी माया होती त्यांच्यावर. ज्यांनी मला तेरा वर्षांत एकदा शाबास म्हटलं नाही, त्यांचा मोडलेला हात मला जगाला दाखवायचा नव्हता. रेघ अशी सुरेख आली, की मीच तिच्याकडे बघत बसलो. मग भुसा झाडला आणि केरात टाकला. त्यात चित्रही होतं.

पुढच्या रविवारी फळी घेऊन गेलो. शाई लावली, कागद ठेवला. घासायला नेहमीचं, केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेलं डब्याचं झाकण. पण सरांना आता जोर येत नव्हता, मीच घासलं. कागद उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. ताई आत चहा करत होती.

सरांनी छाप पाहिला. एका हातानं दुसरा हात धरून ठेवला, तरी कागद हलत होता. पाठीच्या रेघेवरून बोट नेलं, कानापासून शेपटीपर्यंत, आणि पुन्हा उलटं.

"थरथर कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

मी शाईचं फडकं उचललं आणि बोटं पुसायला लागलो.

"मिस्त्री, चाळीस कागद मी थरथरतात म्हणून नाही फाडले. चाळीसही थरथरलेच होते. पण थरथर भलत्याच जागी यायची, नाकावर, पायावर. ह्या एका कागदावर ती जिथं पाहिजे तिथं बसली. पाठीवर. केस उभे राहतात तिथं." ते दमले, थांबले. "थंडी वाजत होती हो त्या मांजराला. मला आयुष्यात थंडी काढता आली नव्हती. जमत नाही ती. ह्या रोगानं काढून दिली."

मी छापाकडे पाहिलं. सुरेख रेघेचं, चांगलं पोसलेलं मांजर होतं. निवांत बसलं होतं. त्याला कसलीही थंडी वाजत नव्हती.

"सर, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला कळलं," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. फळी दुरुस्त करता येत नव्हती. उकरून टाकलेलं लाकूड परत भरता येत नाही. चित्र केरात गेलं होतं. आणि सरांचा हात आता ब्रश धरतच नव्हता. आम्ही दोघंही हे जाणून होतो.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. तिनं छाप पाहिला आणि ट्रे तसाच हातात धरून उभी राहिली. "बाबा! अहो, हात बघा तुमचा! कुठे म्हणून हललेला नाही!" ती हसत होती आणि रडत होती. मी मान खाली घातली. आता सर सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं मला वाटलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हलत्या हातानं छाप माझ्याकडे सरकवला, सुकत घालायला.

"कोरणारा चांगला मिळाला," ते म्हणाले.